‘बंद पडला’, ‘बंद पाडला’, ‘बंद केला’ : आरोग्यनिधीच्या वादातील कर्तृविचार

राजकीय प्रचाराच्या भाषेचा अभ्यास बहुधा विशेषणांपासून सुरू होतो आणि तेथेच संपतो. ‘असंवेदनशील’, ‘बेजबाबदार’, ‘जनहितविरोधी’ हे शब्द ठळक असल्यामुळे अभ्यासकाच्या डोळ्यांत आधी भरतात. वस्तुतः दोषारोपाचे मुख्य काम विशेषण करीत नाही. ते क्रियापद करते. विशेषण उघडपणे पुढे येते, म्हणून ते नाकारताही येते. क्रियापदाच्या रूपात दडलेले गृहीत मात्र वाचक बहुधा नकळत स्वीकारतो. शासन खंडित झाले असताना रुग्णांच्या पैशावरून जो वाद होतो, त्यात ही गोष्ट विशेष स्पष्ट दिसते. महाराष्ट्रातील नोव्हेंबर २०१९ चा प्रसंग त्या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

१. प्रसंग

विधानसभा निवडणुकीचा निकाल २४ ऑक्टोबर २०१९ रोजी लागला. भारतीय जनता पक्षास १०५, शिवसेनेस ५६, राष्ट्रवादी काँग्रेसला ५४ व काँग्रेसला ४४ जागा मिळाल्या. युतीला बहुमत असूनही सरकार बनले नाही, आणि १२ नोव्हेंबर रोजी संविधानाच्या अनुच्छेद ३५६ अन्वये राष्ट्रपती राजवट लागू झाली. मुख्यमंत्रिपद रिक्त होताच मंत्रालयातील मुख्यमंत्री सहायता निधीच्या वैद्यकीय कक्षाचे काम थांबले. शस्त्रक्रियेसाठी अर्ज करून बसलेले रुग्ण व त्यांचे नातेवाईक अडचणीत आले. निरनिराळ्या पक्षांच्या नेत्यांनी राज्यपालांकडे दाद मागितली, आणि राजभवनाने लक्ष घातल्यावर काम पुन्हा चालू करण्याची व्यवस्था झाली. २३ नोव्हेंबरच्या पहाटे राष्ट्रपती राजवट उठली व देवेंद्र फडणवीस यांचा शपथविधी झाला. २५ तारखेस त्यांनी पहिली स्वाक्षरी केली ती याच निधीतून एका रुग्णाला द्यावयाच्या १ लाख २० हजार रुपयांच्या धनादेशावर. दुसऱ्याच दिवशी त्यांनी राजीनामा दिला, आणि २८ नोव्हेंबर रोजी उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाले.

या पंधरा-सोळा दिवसांत शासकीय रुग्णालये बंद नव्हती. कर्मचाऱ्यांचे वेतनही थांबले नव्हते. मग एकच कक्ष का थांबला? याचे कारण ‘निधी’ या शब्दाच्या दोन अर्थांत आहे. राज्याच्या संचित निधीतून होणारा खर्च विधिमंडळाच्या मंजुरीने चालतो, आणि त्या वर्षाची मंजुरी आधीच मिळालेली होती. ती वेळेवर मिळणे शक्य नसेल, तर अनुच्छेद २०६ मध्ये लेखानुदानाची सोय आहे. म्हणूनच भारतात मंत्रिमंडळ पडते, पण खजिना बंद होत नाही. मुख्यमंत्री सहायता निधी हा याहून वेगळा. तो लोकांनी स्वेच्छेने दिलेल्या देणग्यांवर चालतो आणि त्याचे वाटप मुख्यमंत्र्यांच्या अखत्यारीत असते. स्वाक्षरी करणारा गेला की हात थांबतो. प्रचारात मात्र दोन्हींसाठी ‘निधी’ हा एकच शब्द वापरला जातो, आणि श्रोत्याचा समज असा होतो की संपूर्ण आरोग्यव्यवस्थेचाच पैसा आटला आहे.

२. क्रियापदांची निवड

अशा प्रसंगाचे वर्णन करण्यास मराठीत किमान सहा रचना उपलब्ध आहेत. पुढील वाक्ये विवेचनासाठी रचलेली आहेत :

(अ) कक्ष बंद झाला.
(आ) कक्ष बंद पडला.
(इ) कक्ष बंद पाडला.
(ई) कक्ष बंद केला.
(उ) कक्ष बंद ठेवला.
(ऊ) कक्ष बंद करण्यात आला.

यांपैकी (अ) सर्वांत तटस्थ आहे. (आ) मध्ये ‘पडणे’ हे अकर्मक क्रियापद आहे. गिरणी, घड्याळ, विहिरीवरील पंप यांविषयी बोलताना जी रचना येते तीच येथे येते. बिघाड आतून झाला, कोणी केला नाही, अशी त्यात सूचना आहे. ज्याच्यावर दोष येण्याचा संभव असतो त्याला ही रचना सोयीची. (इ) मध्ये ‘पडणे’चे सकर्मक रूप ‘पाडणे’ येते, आणि त्याबरोबर एक सूक्ष्म अर्थ येतो : बंद पाडणारा हा त्या संस्थेचा चालक नसतो. सभा बंद पाडतात, दुकाने बंद पाडतात, ती बाहेरचे लोक. म्हणून सरकार बनू न देणाऱ्या प्रतिपक्षावर आरोप करणाऱ्याला हे क्रियापद हाताशी लागते. (ई) मध्ये याच्या उलट, ज्याच्या हाती अधिकार आहे त्यानेच कृती केली असा अर्थ निघतो. रोख प्रशासनाकडे वळतो. (उ) मध्ये आरोप अधिकच नेमका होतो. ‘ठेवणे’ म्हणजे उघडणे शक्य असताना न उघडणे. येथे प्रारंभीची कृती कोणाची हा प्रश्न मागे पडून, आज किल्ली कोणाकडे आहे हा प्रश्न पुढे येतो.

(ऊ) ही शासनव्यवहाराची आवडती रचना. तिच्यात हेतू शिल्लक राहतो, कर्ता गळतो. कोणीतरी ठरवून बंद केले एवढे कळते. कोणी, हे कळत नाही. कर्तरी, कर्मणी व भावे या प्रयोगांचा विचार मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११) या ग्रंथात विस्ताराने आला आहे. पण प्रयोगाची निवड ही जबाबदारीचीही निवड असते, हा मुद्दा व्यवहारातील लेखन तपासल्यावाचून पुरता लक्षात येत नाही. अडणे व अडवणे, थांबणे व थांबवणे, रखडणे व रखडवणे या जोड्यांचीही हीच गत आहे. स्वपक्षाच्या काळात फाइल रखडते. परपक्षाच्या काळात ती रखडवली जाते.

३. ‘मुळे’, ‘अभावी’ आणि ‘पायी’

कर्ता वाक्यातून काढला तरी कारण सांगावेच लागते, आणि तेथे शब्दयोगी अव्यय कामास येते. ‘राष्ट्रपती राजवटीमुळे मदत थांबली’ या वाक्यात कारण एक घटना आहे. ‘सरकारअभावी मदत थांबली’ यात कारण एक उणीव आहे. उणिवेला कोणी जाब विचारीत नाही. परंतु ‘सत्तेच्या हट्टापायी मदत थांबली’ असे म्हटले की वाक्याचा स्वभावच पालटतो. ‘पायी’ हे अव्यय मराठीत सामान्यतः दोष, मोह किंवा व्यसन यांच्याशी जोडले जाते : दारूपायी, लोभापायी, मानापायी. ‘मुळे’च्या जागी ‘पायी’ आले की कारणाचे रूपांतर अपराधात होते. त्या नोव्हेंबरमध्ये भाजप व शिवसेना एकमेकांवर जे आरोप करीत होते, एक जनादेश मोडल्याचा व दुसरा शब्द मोडल्याचा, ते रुग्णांच्या प्रश्नाला जोडण्यास हे एक अव्यय पुरेसे होते.

४. श्रेयाचे व्याकरण

दोषाच्या वाक्यात लपणारा कर्ता श्रेयाच्या वाक्यात पहिल्या स्थानी येऊन बसतो. ‘अमुकांनी मदत दिली’, ‘अमुकांनी मदत मिळवून दिली’, ‘अमुकांच्या प्रयत्नांतून मदत मंजूर’ या तिन्ही रचना फलकांवर व पत्रकांत नेहमी आढळतात. यांपैकी ‘मिळवून देणे’ हे संयुक्त क्रियापद विशेष लक्षणीय आहे. पैसा एकाचा, मंजुरी दुसऱ्याची, आणि तृतीया विभक्ती मात्र मध्यस्थाची. पहिल्या स्वाक्षरीचा प्रसंगही याच व्याकरणात बसतो. ५ डिसेंबर २०२४ रोजी फडणवीस पुन्हा मुख्यमंत्री झाले तेव्हा त्यांची पहिली स्वाक्षरी पुण्यातील एका रुग्णाच्या अस्थिमज्जा प्रत्यारोपणासाठी ५ लाख रुपयांच्या मदतीवर झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी मंत्रालयात स्वतंत्र वैद्यकीय कक्ष सुरू केला तेव्हा वाद ‘समांतर’ आणि ‘समन्वय’ या दोन शब्दांभोवती फिरला. हा स्वभाव एका पक्षाचा नव्हे. १९९७ ची ‘जीवनदायी’ योजना २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावाने विस्तारली आणि २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालू झाली. योजनेचे नाव षष्ठीत असते, आणि षष्ठी हा स्वामित्व सांगण्याचा सर्वांत जुना मार्ग आहे.

५. अमेरिकेतील तुलना

मंजुरी नसेल तर सरकारी कार्यालये खरोखरीच बंद होतात असा देश म्हणजे अमेरिका. तेथे १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५ असे ४३ दिवस संघ शासनाचे बरेचसे कामकाज ठप्प होते. वादाच्या केंद्रस्थानी आरोग्यविम्याच्या हप्त्यांवरील वाढीव करसवलत होती; २०२१ मध्ये सुरू झालेल्या या सवलतीची मुदत २०२५ अखेर संपत होती. डेमोक्रॅटिक पक्षाने हप्ते वाढतील या मुद्द्यावर भर दिला. रिपब्लिकन पक्षाने बेकायदा स्थलांतरितांना उपचार देण्याचा हा डाव आहे असे म्हटले, जरी अशा स्थलांतरितांना ती करसवलत कायद्याने मिळत नव्हती.

भाषेच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगी घटना निराळीच होती. शिक्षण खात्यातील कर्मचाऱ्यांच्या ईमेलवरून जाणाऱ्या स्वयंचलित उत्तरांत डेमोक्रॅटिक सिनेटरांना दोष देणारा मजकूर घालण्यात आला, आणि तोही काही ठिकाणी प्रथमपुरुषी. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी एका संघीय न्यायाधीशाने हे कर्मचाऱ्यांच्या भाषणस्वातंत्र्याचे उल्लंघन ठरविले. मराठी उदाहरणांत वाक्याचा कर्ता लपविला जातो. येथे वाक्याचा वक्ताच उसना घेतला गेला. दोन्हीकडे परिणाम एकच : बोलणाऱ्याची जबाबदारी दिसेनाशी होते.

६. कळमनुरीहून पाहता

या विवेचनाचे व्यावहारिक मोल मंत्रालयापासून दूरच्या तालुक्यात अधिक कळते. हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरी हा तालुका नांदेड जिल्ह्याला लागून आहे. गंभीर आजारात येथील रुग्ण नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची वाट धरतात. हिंगोलीचे स्वतःचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झाले. राजीव गांधी जीवनदायी योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेड होता, हिंगोली नव्हता. २१ नोव्हेंबर २०१३ रोजी ती राज्यभर लागू होईपर्यंत, शिवेच्या एका बाजूचे कुटुंब ‘पात्र’ होते आणि दुसऱ्या बाजूच्या कुटुंबाला ‘मदत’ मागावी लागत होती.

या दोन शब्दांत संपूर्ण प्रश्नाचे सार आहे. ‘कुटुंब पात्र आहे’ या वाक्यात कुटुंब प्रथमेत आहे; तेच उद्देश्य आहे, आणि देणाऱ्याचे नाव घेण्याची गरजच पडत नाही. ‘कुटुंबाला मदत दिली’ या वाक्यात कुटुंब चतुर्थीत जाते आणि देणारा पुढे येतो. पुढे शुभ्र शिधापत्रिका असलेल्या शेतकरी कुटुंबांना चौदा जिल्ह्यांत योजनेचा लाभ खुला झाला, त्यांत हिंगोलीही होता. आणि २०२३ मध्ये राज्यातील सर्व कुटुंबांसाठी ५ लाख रुपयांपर्यंतच्या संरक्षणाचा निर्णय झाला. म्हणजे प्रथमेचे क्षेत्र क्रमाने वाढत गेले. तरीही योजनेच्या यादीत न बसणारा आजार, किंवा मर्यादेपलीकडचा खर्च निघाला की रुग्ण पुन्हा चतुर्थीत जातो, आणि नोव्हेंबर २०१९ सारख्या प्रसंगी थांबतो तो हाच चतुर्थीतला रुग्ण. प्रथमेतल्या रुग्णाचा आधार विधिमंडळाच्या मंजुरीत असतो. चतुर्थीतल्या रुग्णाचा आधार एका व्यक्तीच्या स्वाक्षरीत.

म्हणून अशा वादातील कोणतेही विधान वाचताना तीन गोष्टी तपासणे इष्ट ठरते : क्रियापद अकर्मक आहे की सकर्मक, कर्ता गळला असल्यास तो कोणत्या अव्ययामागे गेला आहे, आणि रुग्ण कोणत्या विभक्तीत आहे. यांतील पहिल्या दोन तपासण्यांवरून पक्षांची भूमिका कळते. तिसरीवरून मात्र हे कळते की पुढच्या वेळी सरकार बनण्यास विलंब झाला, तर कळमनुरीच्या रुग्णाला कोणाची वाट पाहावी लागेल. हिंगोली व नांदेड येथील दैनिकांचे त्या पंधरवड्यातील अंक या दृष्टीने वर्गवार तपासल्यास पदव्युत्तर प्रबंधिकेस पुरेल इतकी सामग्री हाती येऊ शकेल.