रुग्णाचे मौन आणि आरोग्यातील दरी

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागातील एखाद्या दवाखान्याचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. डॉक्टर प्रश्न विचारतात. समोर बसलेली ॲबोरिजिनल महिला नजर खाली ठेवून काही क्षण गप्प राहते. तिला बोलायचे नसावे, असे समजून डॉक्टर पुढील प्रश्नाकडे वळतात. अखेरीस ती ‘हो’ म्हणते आणि उपचार निश्चित होतो. प्रत्यक्षात अनेक ॲबोरिजिनल समाजांत उत्तरापूर्वीचे मौन हे विचार करण्याचे लक्षण असते आणि नजर टाळणे हे आदराचे. अधिकाराच्या जागी असलेल्या व्यक्तीला दिलेला होकार हा अनेकदा संमतीपेक्षा सौजन्याचाच भाग असतो. संवादातील ही गफलत रुग्णाच्या प्रकृतीवर परिणाम करते.

ऑस्ट्रेलियातील मूलनिवासी, म्हणजे ॲबोरिजिनल व टोरेस सामुद्रधुनीतील बेटांवरील लोक, २०२१च्या अंदाजानुसार एकूण लोकसंख्येच्या ३.८ टक्के आहेत. २०२० ते २०२२ या काळातील आकडेवारीनुसार मूलनिवासी पुरुषांचे सरासरी आयुर्मान ७१.९ वर्षे आणि महिलांचे ७५.६ वर्षे होते. इतर ऑस्ट्रेलियन नागरिकांच्या तुलनेत ते अनुक्रमे ८.८ आणि ८.१ वर्षांनी कमी आहे. ही दरी २०३१ पर्यंत मिटविण्याचे उद्दिष्ट तेथील सरकारांनी ठेवले आहे.

या दरीचे मूळ केवळ रुग्णालयात शोधून चालत नाही. शिक्षण, रोजगार, उत्पन्न आणि निवारा हे आरोग्याचे सामाजिक निर्धारक घटक मानले जातात. संधिवाताच्या तापामुळे जडणारा हृदयविकार हे याचे ठळक उदाहरण. दाटीवाटीच्या घरांत घसा आणि त्वचेचा जिवाणूसंसर्ग वेगाने पसरतो. त्यातून ताप येतो आणि पुढे हृदयाच्या झडपा निकामी होऊ शकतात. तो ताप पुन्हा येऊ नये म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन, तेही वर्षानुवर्षे घ्यावे लागते. वरकरणी ठणठणीत असलेल्या मुलाला हे दुखरे इंजेक्शन का द्यायचे, हे कुटुंबाला त्याच्या भाषेत कोणी समजावून सांगितले नाही, तर उपचार मध्येच खंडित होण्याची भीती असते.

संवादाचा हा अभाव किती खोल असू शकतो, हे डार्विन येथील एका अभ्यासाने दाखवून दिले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मूत्रपिंडविकारासाठी डायलिसिस घेणारे योलंगू रुग्ण आणि आरोग्य कर्मचारी यांच्यातील संभाषणे तपासण्यात आली. दोन्ही बाजूंना सारखाच अर्थबोध झाल्याचे प्रसंग विरळ होते. प्रशिक्षित दुभाषांची मदत घेतली जात नव्हती. संभाषणाची भाषा, वेळ आणि विषय यांवर रुग्णांचे फारसे नियंत्रण नव्हते. विशेष म्हणजे, आपला गैरसमज झाला आहे याची जाणीव अनेकदा दोन्ही बाजूंना नव्हती.

यावरचा एक मार्ग ॲबोरिजिनल परंपरेतच आहे. ‘यार्निंग’ म्हणजे निवांत गप्पांतून, एकमेकांचे नाते, गाव आणि अनुभव जाणून घेत पुढे जाणारा संवाद. पश्चिम ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१६ मध्ये त्यावर आधारित पद्धत मांडली. तीत आधी ओळखीच्या गप्पा होतात, मग आजाराची कथा ऐकली जाते आणि शेवटी उपचाराविषयी बोलणे होते. डेली नदीकाठच्या ज्येष्ठ शिक्षिका व चित्रकार मिरियम-रोज उंगुनमेर बाउमन यांनी जगासमोर आणलेली ‘दादिरी’ ही संकल्पनाही शांतपणे, मनापासून ऐकण्यावर भर देते.

हा विचार संस्थांमध्येही रुजला आहे. सिडनीच्या रेडफर्न भागात १९७१ मध्ये ॲबोरिजिनल समाजाने स्वतः चालविलेली पहिली वैद्यकीय सेवा सुरू झाली. आता अशा संस्था देशभर आहेत. नॉर्दर्न टेरिटरीमध्ये २००० पासून ॲबोरिजिनल भाषांसाठी सरकारी दुभाषा सेवा उपलब्ध आहे. १९८९च्या राष्ट्रीय ॲबोरिजिनल आरोग्य धोरणाने तर आरोग्याची व्याख्याच व्यापक केली. एका व्यक्तीच्या शारीरिक स्वास्थ्याबरोबरच संपूर्ण समाजाचे सामाजिक, भावनिक आणि सांस्कृतिक कल्याण त्यात समाविष्ट करण्यात आले.

अर्थात, चांगला संवाद पुरेशा घरांची किंवा रोजगाराची जागा घेऊ शकत नाही. मात्र एका खोलीत किती जण झोपतात, नळाला पाणी येते का, औषध ठेवायला घरात फ्रीज आहे का, या गोष्टी तपासणीच्या नोंदवहीत सहसा येत नाहीत. त्या गप्पांच्या ओघात उलगडतात. आजाराचे मूळ घरात आहे, हे तेव्हाच डॉक्टरांच्या लक्षात येते. आणि त्यासाठी आधी रुग्णाचे मौन ऐकून घ्यावे लागते.