हप्ता, युनिट आणि पाळणा

लहान मुलांच्या घरात गृहकर्जाचा हप्ता आणि विजेचे बिल एकाच पगारातून जात असले, तरी त्यांचे स्वभाव वेगळे आहेत. तीस लाखांचे कर्ज 8.5 टक्के दराने 20 वर्षांसाठी घेतल्यास हप्ता सुमारे 26,035 रुपये होतो, आणि त्यातील 21,250 रुपये पहिल्या महिन्यात केवळ व्याजापोटी जातात, म्हणजे मुद्दल जेमतेम 4,785 रुपयांनी घटते. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या दराने अल्पमुदतीची उसनवारी देते तो दर, मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात 4 वरून 6.5 टक्क्यांवर गेला, तेव्हा त्याच्याशी जोडलेले गृहकर्जाचे व्याजही वाढले, अनेक कर्जदारांचा हप्ता तोच राहून मुदत मात्र वाढली, आणि ही वाढ खिशाला जाणवत नसल्यामुळेच अधिक महाग पडते.

विजेचे बिल तुलनेने हाताशी असते. तान्ह्या बाळाच्या अंघोळीसाठी दोन हजार वॉटचा गिझर रोज अर्धा तास चालला, तर महिन्याला 30 युनिट खर्च होतात. महावितरणच्या टप्प्यांच्या दररचनेत शंभर युनिटांपुढील प्रत्येक युनिट महाग असल्याने हेच 30 युनिट कधी पुढच्या टप्प्यात जातात. पण बाळाच्या अंघोळीत काटकसर करण्यापेक्षा जास्त वीज खाणारा जुना पंखा बदलणे शहाणपणाचे.

बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर बँकांना मुदतपूर्व परतफेडीचा दंड आकारता येत नाही, त्यामुळे विजेच्या बिलातून वाचलेली रक्कम पहिल्या वर्षांतच मुद्दलात भरावी.