हत्यार आधी, गिअरबॉक्स मग

कोल्हापूरच्या वडाप, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या, जीपनं काय काय सोसलं, ते तिचा गिअरबॉक्स उघडला की कळतं. गगनबावड्याचा चढ, आत दाटीवाटीनं बसलेली माणसं, टपावर पोती. अशा ओझ्यानिशी पहिल्या गिअरात गाडी उचलायची म्हणजे बेअरिंग आणि दाते दोन्ही झिजणार. मग गिअर टाकताना करकर सुरू होते आणि उतारावर तो आपोआप उडतो. मेस्त्री ऐकूनच रोग ओळखतो. पण गिअरबॉक्स खाली उतरवण्याआधी तो लेथवाल्याकडे जातो, कारण जे खोलायचं आहे त्याचं हत्यार आधी बनवावं लागतं.

कंपन्या आपल्या वर्कशॉपसाठी प्रत्येक मॉडेलची खास हत्यारं काढतात. ती गल्लीतल्या गॅरेजपर्यंत सहसा पोचत नाहीत, आणि गाडी जुनी झाली की पैसे मोजूनही मिळत नाहीत. कोल्हापुरात मात्र शिवाजी उद्यमनगर आहे. ओतकाम, लेथ, शेपर, वेल्डिंग, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. ऑइल इंजिनं आणि त्यांचे सुटे भाग बनवत हे गाव यंत्रकामात वाढलं. पुढे शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या वसाहतींतून वाहनउद्योगाला ओतीव भाग जाऊ लागले. नसलेली वस्तू स्वतः घडवायची ही इथली सवय त्याहूनही जुनी आहे. बाबूराव पेंटर आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव यांनी सिनेमाचा कॅमेरा इथेच बनवायला घेतला. 1916 साली आनंदराव गेले, तरी बाबूरावांनी सहकारी दामल्यांना हाताशी धरून तो पुरा केला, आणि 1920 मध्ये त्यांचा ‘सैरंध्री’ हा सिनेमा पडद्यावर आला.

जुन्या जीपच्या तीन गिअरांच्या बॉक्सात खालच्या बाजूला काउंटर गिअर असतो. एकाच तुकड्यातले हे लहानमोठे गिअर एका स्थिर शाफ्टवर फिरतात, आणि शाफ्ट व गिअर यांच्यामध्ये असतात सुटे सुईरोलर. त्यांना धरून ठेवणारा पिंजरा नसतो. शाफ्ट बाहेर ओढला की सगळ्या सुया खळ्ळकन ऑइलात. त्या परत बसवायच्या तर ‘डमी’ लागतो. साधा गज घ्यायचा, मूळ शाफ्टपेक्षा किंचित बारीक टर्न करायचा आणि लांबी काउंटर गिअर व त्याच्या दोन्ही बाजूंचे थ्रस्ट वॉशर यांच्याएवढीच ठेवायची. गिअरच्या भोकात घट्ट ग्रीस थापून सुया एकेक चिकटवायच्या, मधोमध डमी सरकवायचा आणि सगळा संच बिडाच्या कवचात अलगद ठेवायचा. मग खरा शाफ्ट एका बाजूनं घालत जायचं. तो पुढे सरकतो तसा डमी दुसऱ्या बाजूनं बाहेर येतो. दोघांची टोकं शेवटपर्यंत एकमेकांना टेकलेली हवीत. मध्ये फट पडली की एखादी सुई आडवी होते आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. डमीचा हा तुकडा मला कोल्हापूरच्या कारागिरीचा उत्तम नमुना वाटतो. गाडी रस्त्यावर गेल्यावर तो तिच्यात कुठेच नसतो, पण त्याच्यावाचून ती जुळत नाही.

बेअरिंग बसवायचं हत्यार त्याहून साधं आहे, पाइपचा तुकडा. पण पाइप नेमका कुठे टेकतो, यात सगळी विद्या आहे. शाफ्टवर बेअरिंग चढवताना दाब आतल्या रेसवर हवा, कवचात बसवताना बाहेरच्या. चुकीच्या रेसवर ठोकलं तर सगळा जोर गोळ्यांमधून जातो, रेसवर बारीक खड्डे पडतात आणि नवं कोरं बेअरिंग लवकरच ओरडू लागतं. म्हणून पाइपाचं तोंड लेथवर अगदी काटकोनात फेस करतात. जाणता मेस्त्री हातोडी टाळतो. चॅनेलची चौकट वेल्ड करून तिच्यात बाटली जॅक बसवला की घरचा प्रेस तयार होतो. पुलरचंही तसंच. साध्या पट्टीच्या नख्या जोर आला की उघडतात, म्हणून पाय ईएन-8चे करतात आणि मधल्या बोल्टचं टोक टर्न करून शाफ्टच्या सेंटरमध्ये बसवतात.

खाचांच्या गोल नटासाठी जाड पाइपालाच दात कापायचे. क्लच प्लेट मध्यावर आणायला भंगारातल्या बॉक्सचा क्लच शाफ्ट कापून ठेवायचा. आणि ठोकायची वेळ आलीच तर पितळेचा गज घ्यायचा, कारण कडक पोलादावर कडक पोलाद आपटलं की कपची डोळ्यात उडते.

या हत्यारांची ड्रॉइंगं कुणाकडे नाहीत. मेस्त्री थकला, गॅरेज बंद झालं की ती किलोच्या भावानं भंगारात जातात. याचं मला मनापासून वाईट वाटतं. कळंब्याच्या आयटीआयमधल्या मुलांनी व्हर्नियर घेऊन एकदा गॅरेजांतली ही हत्यारं मोजावीत. प्रत्येक तुकड्याचा व्यास, लांबी, पोलाद, कुठल्या बॉक्सचा, आणि दाब कुठे द्यायचा, एवढं लिहून ठेवलं तरी पुरे. घाई करायला हवी. आताच्या पाच गिअरांच्या बॉक्सांत कवच बहुतेकदा अ‍ॅल्युमिनियमचं असतं, बिडासारखी ओढाताण ते सोसत नाही. त्यामुळे पुलरचे पाय आणि टेकण्याच्या जागा पुन्हा नव्यानं ठरवाव्या लागतात, आणि ते काम उद्यमनगरात आत्ताच सुरू आहे.