लाटा, किल्ला आणि बिटांचा हिशेब

समजा तुमच्या शाळेने ठरवले की अलिबागच्या किनाऱ्यावर भरती कशी चढते, ते साताऱ्याच्या एका शाळेतील मुलांना थेट प्रक्षेपणाने दाखवायचे. ओहोटीच्या वेळी लोक ज्या वाटेने कुलाबा किल्ल्यात चालत जातात, ती वाट भरतीत पाण्याखाली जाते. तुम्ही उथळ पाण्यात मोठ्या आकड्यांची एक काठी रोवली आणि तिच्यासमोर मोबाइल उभा केला. साताऱ्याच्या मुलांनी दर दहा मिनिटांनी काठीवरचा आकडा वाचून नोंद करायची आहे. चित्र अडखळले किंवा आकडे धूसर झाले, तर सारा खटाटोप वाया!

प्रक्षेपणाचे ॲप उघडताच रेझोल्यूशन, फ्रेम रेट, बिटरेट आणि कीफ्रेम असे चार रकाने समोर येतात. त्यांत काय भरायचे? सर्वांत मोठे आकडे भरले की सर्वांत चांगले चित्र जाईल, असे पुष्कळांना वाटते. ते खरे का नाही, हे पाहण्यासाठी थोडा हिशेब करू.

केवढे हे ओझे!

पडद्यावरील चित्र ठिपक्यांचे बनलेले असते. आडवे १२८० आणि उभे ७२० ठिपके घेतले, तर एका चित्रात ९,२१,६०० ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगायला २४ बिट लागतात. बिट म्हणजे ० किंवा १ यांपैकी एक खूण. सेकंदाला २५ चित्रे पाठवायची, तर गुणाकार येतो ५५,२९,६०,००० बिट. दर सेकंदाला पंचावन्न कोटींहून अधिक!

आता किनाऱ्यावरून माहिती वर पाठवण्याचा, म्हणजे अपलोडचा, वेग मोजला आणि तो सेकंदाला ४० लाख बिट भरला, असे धरा. हा वेग सारखा खालीवर होत असतो. म्हणून त्याच्या साधारण दोन-तृतीयांशापर्यंतच भार टाकावा. आपण २५ लाख धरू. म्हणजे सुमारे २२० बिटांपैकी एकच पाठवता येणार. उरलेले २१९ गाळायचे आणि तरीही आकडा वाचता आला पाहिजे! ही किमया करणाऱ्या क्रियेला संकेतन म्हणतात.

गाळायचे काय?

पहिली युक्ती आपल्या डोळ्यांच्या स्वभावावर आधारलेली आहे. उजेड-अंधारातले बारकावे डोळ्यांना जेवढे दिसतात, तेवढे रंगांतले दिसत नाहीत. म्हणून रंगाची माहिती चार ठिपक्यांना मिळून एकदाच पाठवतात. एवढ्यानेच ओझे निम्मे होते.

दुसरी युक्ती गणिती आहे. चित्राचे छोटे छोटे चौकोन पाडून प्रत्येकातले संथ बदल आणि बारीक, झटपट बदल वेगळे करतात. बारीक बदल थोडे ढोबळ केले तरी डोळ्यांना फारसे जाणवत नाही. या रीतीचा शोधनिबंध १९७४ साली नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव यांनी प्रसिद्ध केला. नासिर अहमद हे मूळचे बंगळूरचे. आज आपण मोबाइलवर पाहतो त्या बहुतेक चित्रफितींमागे याच कल्पनेची कोणती ना कोणती आवृत्ती असते.

तिसरी युक्ती सर्वांत महत्त्वाची. जे बदललेच नाही, ते पुन्हा कशाला पाठवायचे? किल्ल्याची तटबंदी या चित्रात जिथे होती, तिथेच पुढच्या चित्रात असते. ‘मागचेच ठेवा’ एवढा निरोप तिला पुरतो. पण लाटांचे काय? फेस, चकाकी, शिंतोडे, सारे क्षणाक्षणाला नवे! मागच्या चित्रावरून पुढचे ओळखता येत नाही. त्यामुळे तट स्वस्तात जातो आणि समुद्र बिट खातो. बिट अपुरे पडले की चित्रावर चौकडे उमटतात, आणि नेमके पाण्यालगतचे आकडे बिघडतात.

आता रकाने भरू

बिटरेट नेटवर्कच्या वेगावरून ठरवायचा: २५ लाख, म्हणजे ॲपच्या भाषेत २५०० किलोबिट. तो शक्यतो स्थिर ठेवावा, म्हणजे एकाएकी भार वाढून प्रक्षेपण तुटत नाही. या वेगाने तासाला सुमारे १.१ गिगाबाइट डेटा खर्च होतो, कारण ८ बिटांचा एक बाइट होतो.

रेझोल्यूशन १२८०×७२०. त्याहून मोठे घेतले तर तेवढेच बिट अधिक ठिपक्यांत वाटले जातील.

फ्रेम रेट कामावरून ठरतो. भरती हळू चढते. तिला सेकंदाला १५ चित्रेही पुरतील आणि प्रत्येक चित्राच्या वाट्याला अधिक बिट येतील. नाचाच्या कार्यक्रमाला मात्र २५ हवीत. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने चोकची ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. २५ चित्रे घेतली तर प्रत्येकाच्या वाट्याला बरोबर ४ लुकलुक येतात. ३० घेतली तर तीन पूर्णांक एक-तृतीयांश, आणि चित्रात थरथर दिसू शकते.

कीफ्रेम म्हणजे मागच्यावर न विसंबणारे संपूर्ण चित्र. मध्येच येणाऱ्या प्रेक्षकाची सुरुवात तिथूनच होते, आणि वाटेत माहिती गळाली तर चूक तिथेच पुसली जाते. दर दोन सेकंदांनी एक ठीक. फार वारंवार पाठवले तर बिट वाया जातात.

वादळात काय?

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. विजेचे खांब कोसळले, अनेक गावांचा मोबाइल संपर्क तुटला. टॉवरच बंद पडला तर कोणत्याही आकड्याचा उपयोग नाही. पण क्षीण धागा शिल्लक असेल, तर हा हिशेब मोलाचा ठरतो. वादळात पाऊस आणि हेलकावणाऱ्या माडांमुळे प्रत्येक चित्र नवे असते; म्हणजे नेटवर्क दुबळे होते तेव्हाच बिटांची भूक वाढते! अशा वेळी ६४०×३६० घ्यावे. ठिपके चौथाईवर येतात. चित्रे सेकंदाला १० करावीत. आवाज मात्र सोडू नये. बोलणे समजायला सेकंदाला ६४ हजार बिट पुष्कळ होतात, आणि ‘आम्ही सुखरूप आहोत’ हे कळायला तेवढे पुरते.

करून पाहा

एकाच मोबाइलने, त्याच मांडणीवर दोन छायाचित्रे घ्या: एक निरभ्र आकाशाचे, दुसरे सुरूच्या बनातल्या पानोळ्याचे. दोन्ही फाइलींचे आकारमान पाहा. ठिपके सारखेच असूनही दुसरी फाइल मोठी का, याचे उत्तर तुमच्या वहीत लिहा. मग वाळूचे, भिंतीचे आणि फेसाळ लाटेचे आकारमान आधी अंदाजाने सांगा आणि पडताळून पाहा.