सांधे सुधारले, मग जुनी मात्रा कां बदलावी?

औषध पोटांत गेलें म्हणजे तें आपलें काम करून आपोआप नाहींसें होतें, अशी पुष्कळांची समजूत असते. आमचीही तशीच होती. परंतु गतवर्षीं आमच्या एका जुन्या स्नेह्यांच्या घरीं जें घडलें, त्यानें ती दूर झाली.

स्नेह्यांच्या पत्नींना आमवात, म्हणजे ज्यास डॉक्टर ऱ्हूमॅटॉइड संधिवात म्हणतात तो विकार, बरींच वर्षें होता. हृदयांत कृत्रिम झडप असल्यामुळें रक्त गोठूं नये म्हणून वॉर्फरिनची गोळीही रोज चालू होती. मेथोट्रेक्सेटनें पुरेसा गुण येईना, तेव्हां टोसिलिझुमॅबचें इंजेक्शन सुरू झालें. सकाळची आखड ओसरली, बाईंच्या हातीं पुन्हां पोळपाट-लाटणें आलें. घरांत आनंदीआनंद झाला. मात्र पुढील रक्ततपासणींत आय. एन. आर. घसरलेला निघाला. गोळी तीच, मात्राही तीच. पण तिचा प्रभाव उणावला होता, आणि झडपेवर गुठळी धरण्याचा धोका उभा राहिला. हृदयाच्या डॉक्टरांनीं नव्या औषधाविषयीं विचारलें, तेव्हां ‘नवी गोळी कोणतीच नाहीं’ असें उत्तर घरच्यांनीं दिलें. इंजेक्शन सांध्यांचें, त्याचा हृदयाशीं काय संबंध, असें त्यांस वाटलें!

संबंध आहे, आणि तो यकृतांतून जातो. सायटोक्रोम पी-४५० नांवाच्या एन्झाइमांचा समूह तेथें पुष्कळ औषधांचें विघटन करीत असतो. आमवाताच्या दाहांत इंटरल्यूकिन-६ हें प्रथिन रक्तांत वाढतें व त्याच्या प्रभावानें या एन्झाइमांची निर्मिती मंदावते. मग अशीं औषधें रक्तांत अधिक काळ रेंगाळतात, आणि रोग्याची मात्रा नकळत त्या मंदावलेल्या यकृताच्या मापानेंच ठरलेली असते. टोसिलिझुमॅब इंटरल्यूकिन-६ ला त्याच्या ग्राहकाशीं जुळूं देत नाहीं. दाह शमतो, यकृत मूळच्या वेगानें कामास लागतें, आणि कालपर्यंत पुरेशी असलेली मात्रा आज अपुरी पडते.

जपानांतील ओसाका विद्यापीठाचे तादामित्सु किशिमोतो व त्यांचे सहकारी यांनीं १९८६ सालीं इंटरल्यूकिन-६ चें जनुक हुडकलें; त्याच संशोधनांतून पुढें हें औषध निघालें. आमवातासाठीं त्यास जपानांत २००८ व अमेरिकेंत २०१० सालीं मान्यता मिळाली. त्याच्या अधिकृत माहितीपत्रकांत असें नमूद आहे कीं, आमवाताच्या रोग्यांत एकाच इंजेक्शननंतर आठवड्यानें सिम्व्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या औषधाचें रक्तांतील प्रमाण ५७ टक्क्यांनीं घटलें. म्हणजे तें निरोगी माणसाच्या पातळीच्या आसपास आलें. अर्थात् पूर्वीचें आधिक्य हाच रोगाचा परिणाम होता!

माधवनिदानांत आमवाताचें मूळ मंदाग्नींत सांगितलें आहे. तो अग्नि व हे एन्झाइम एकच, असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. परंतु सांध्यांच्या रोगांत सांध्यांपलीकडेही पाहावें, ही दृष्टि आम्हांस या प्रसंगीं आठवली.

उलट बाजूही ध्यानांत ठेवावी. इंजेक्शन थांबविल्यावर त्याचा हा परिणाम कित्येक आठवडे टिकतो. पुढें दाह परतला तर यकृत पुन्हां मंदावतें, आणि वाढवून दिलेली वॉर्फरिनची मात्रा अतिरिक्त होऊन रक्तस्राव होऊं शकतो. थिओफिलिन, सायक्लोस्पोरिन, गर्भनिरोधक गोळ्या यांच्या बाबतींतही डॉक्टरांस विचारावें. मात्र मात्रेंत स्वतः फेरफार कदापि करूं नये. तें काम तपासणी करून वैद्यानेंच करावयाचें.

स्नेह्यांच्या पत्नींची मात्रा बदलली, आय. एन. आर. ठिकाणावर आला. आतां त्यांच्या घरीं पंचांगाशेजारीं सर्व औषधांची एक यादी टांगलेली असते, आणि प्रत्येक डॉक्टरांकडे जातांना ती पिशवींत जाते. तिच्या पहिल्याच ओळींत इंजेक्शनाची तारीख आहे. वाचकांनीं आपल्या घरींही अशी यादी आजच करावी.