लंडनला हातखर्चाला किती पैसे लागतात? कार्ड, कॅप आणि एक छोटी शीट

मे २०२५ मध्ये मी आई-बाबांना घेऊन लंडनला गेले. तिघं जण, सहा दिवस. विमान, व्हिसा, हॉटेल सगळं आधीच भरून झालं होतं. पहिल्याच दुपारी आम्ही एका कॉफीच्या दुकानासमोर थांबलो. बाबांनी बाहेरचा बोर्ड वाचला, मनात गुणाकार केला आणि म्हणाले, "तुम्ही घ्या गं. मला नकोय काही."

बाबा एसटीत कंडक्टर होते. त्यांचा तोंडी हिशोब माझ्या कॅल्क्युलेटरपेक्षा फास्ट आहे. साडेतीन पौंडांची कॉफी म्हणजे चारशे रुपये, हे त्यांना मला सांगावं लागलं नाही. संध्याकाळपर्यंत त्यांनी चहा, आइस्क्रीम, पाण्याची बाटली या सगळ्याला 'नको' म्हटलं होतं. आणि माझ्याकडे त्यांना द्यायला उत्तर नव्हतं, कारण दिवसाला किती खर्च करायला आपल्याला परवडतं हे मलाच नक्की माहीत नव्हतं. 'लागतील तसे कार्डावर' एवढंच माझं बजेट होतं.

त्या रात्री हॉटेलात बसून मी शीट बनवली. खरं तर निघायच्या आधीच करायला हवी होती. तुम्ही ती आधी करा, म्हणून हा लेख. यातले आकडे मे २०२५ चे आहेत. लंडनचे भाडेदर अधूनमधून वाढतात, त्यामुळे जायच्या आधी ताजे बघून घ्या. पद्धत मात्र तीच राहील.

आधी पैसे तीन भागांत वेगळे करा

१. आधीच गेलेले: विमान, व्हिसा, हॉटेल, आगाऊ बुक केलेली तिकिटं. हे पैसे परत येणार नाहीत, त्यामुळे ते रोजच्या हिशोबात आणायचेच नाहीत.
२. वरची मर्यादा ठरलेले: शहरातला प्रवास. लंडनमध्ये ही मर्यादा यंत्रणाच घालून देते.
३. हातात असलेले: खाणं, चहा, छोटी खरेदी.

आपण सहसा तिन्ही एकत्र करून 'ट्रिपला एवढे लाख लागले' असं म्हणतो. त्या आकड्यावरून आज कॉफी घ्यायची की नाही हे कळत नाही. रोजचा निर्णय फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्या भागावर होतो.

प्रवास: 'कॅप' म्हणजे काय?

लंडनच्या बसमध्ये कंडक्टर नाही आणि जुलै २०१४ पासून तिथे रोख पैसेही चालत नाहीत. बसमध्ये चढताना कार्ड टेकवायचं. मेट्रोला, म्हणजे ट्यूबला, आत जाताना आणि बाहेर येताना दोन्ही वेळा टेकवायचं. कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड चालतं, फोन चालतो किंवा तिथलं ऑयस्टर कार्ड चालतं.

बँक कार्ड टेकवल्यावर प्रत्येक वेळी लगेच पैसे कापले जात नाहीत. दिवसभरातले सगळे टॅप यंत्रणा एकत्र करते आणि रात्री एकदाच हिशोब लावते. त्यांचा दिवस पहाटे साडेचारला सुरू होतो. बेरीज ठरावीक रकमेच्या वर गेली, तर त्या रकमेवरच थांबते. हीच डेली कॅप. मध्यवर्ती भागासाठी, म्हणजे झोन १ आणि २ मिळून, ती ८.९० पौंड होती. दिवसभर फक्त बसने फिरलात तर ५.२५ पौंड. बसचं एक तिकीट १.७५ पौंड, आणि पहिल्या टॅपपासून तासाभरात दुसऱ्या बसमध्ये चढलात तर त्याचे वेगळे पैसे नाहीत.

बजेटसाठी याचा फायदा असा की प्रवासाचा अंदाज बांधावाच लागत नाही. कितीही फिरा, तिघांचे ८.९० गुणिले ३ म्हणजे २६.७० पौंड. त्याच्या वर नाही.

पण चार गोष्टी आधी माहीत हव्यात:

- माणशी एक कार्ड लागतं. एकच कार्ड तिघांसाठी टेकवता येत नाही. आई-बाबांचं वेगळं कार्ड नसेल तर ऑयस्टर घ्या. तेव्हा ते ७ पौंडांना होतं आणि हे पैसे परत मिळत नाहीत.
- फोन आणि कार्ड यंत्रणेला वेगवेगळे दिसतात, दोन्ही एकाच खात्याचे असले तरी. आत जाताना कार्ड आणि बाहेर येताना फोन टेकवला तर दोन अपूर्ण प्रवास नोंदले जातात आणि दोन्हींचं जास्तीत जास्त भाडं लागू शकतं. सकाळी जे वापरलं तेच रात्रीपर्यंत वापरा.
- आठवड्याचीही कॅप असते. झोन १-२ साठी ती ४४.७० पौंड होती, पण हा आठवडा सोमवार ते रविवार असा मोजतात. सोमवारी पोहोचून सहा दिवस फिरलात तर फायदा. गुरुवारी पोहोचलात तर तुमचे दिवस दोन आठवड्यांत विभागले जातात.
- विमानतळाचा दिवस वेगळा धरा. हीथ्रो झोन ६ मध्ये आहे. तिथून शहराच्या मध्यभागी यायला पिकॅडिली लाइनने ५.८० पौंड, एलिझाबेथ लाइनने १३.९० पौंड. तिघांचा फरक २४.३० पौंड. आम्ही किंग्ज क्रॉसजवळ राहिलो होतो, तिथे पिकॅडिली थेट जाते. वेळ जास्त लागतो, पण गाडी बदलावी लागत नाही.

बाबांना ही कॅपची भानगड समजावली तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, "म्हणजे कॅप भरली की पुढचा प्रवास फुकट?" हो. त्यानंतर संध्याकाळी दुमजली बसच्या पुढच्या सीटवर बसून उगाच फिरायला त्यांनी कधीच 'नको' म्हटलं नाही.

खरा दर किती? स्क्रीनवर दिसतो तो नाही

तेव्हा हिशोबाला मी पौंड ११५ रुपये धरला होता. इंटरनेटवर शोधल्यावर दिसतो तो साधारण बाजारातला दर असतो, तुम्हाला लागतो तो नाही. भारतातल्या अनेक डेबिट आणि क्रेडिट कार्डांवर परदेशी चलनातल्या व्यवहाराला साडेतीन टक्क्यांपर्यंत मार्कअप लागतो आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी.

१०० पौंडांचं उदाहरण घ्या:

- मूळ रक्कम: ११,५०० रुपये
- साडेतीन टक्के मार्कअप: ४०२.५० रुपये
- मार्कअपवर जीएसटी: ७२.४५ रुपये
- एकूण: ११,९७४.९५ रुपये

म्हणजे तुमचा खरा दर जवळजवळ १२० झाला. शीटमध्ये ११५ लिहून नंतर 'चार्जेस' अशी वेगळी ओळ करू नका. सरळ दराच्या सेलमध्येच १२० लिहा. मग दिसेल ती प्रत्येक किंमत खरी असेल आणि महिन्याअखेरीला स्टेटमेंट बघून धक्का बसणार नाही.

प्रीपेड फॉरेक्स कार्डावर पौंड भरून नेले तर दर भरतानाच पक्का होतो आणि पौंडातल्या खर्चावर हा मार्कअप सहसा लागत नाही. पण पैसे भरताना मिळणारा दर बाजारापेक्षा थोडा चढाच असतो, कार्डाचं शुल्क असू शकतं, आणि उरलेले पौंड परत करताना दर कमी मिळतो. त्यामुळे रोजच्या खर्चाएवढे पौंड फॉरेक्स कार्डावर आणि अडीअडचणीला क्रेडिट कार्ड, ही जोडी मला बरी वाटली.

'आयएनआर की जीबीपी?' या प्रश्नाला एकच उत्तर

दुसऱ्या दिवशी रात्री एका हॉटेलात जेवलो. बिल ४८ पौंड. वेटरने मशीन पुढे केलं, स्क्रीनवर दोन पर्याय: पौंडात रक्कम, नाहीतर ५,८५० रुपये. दमलेली होते, रुपये बघून बरं वाटलं आणि मी रुपयांवर बोट ठेवलं.

५,८५० भागिले ४८ म्हणजे १२१.८७. माझ्या ११५ पेक्षा सहा टक्के जास्त. एका जेवणात ३३० रुपये वर गेले, आणि हे लक्षात कुणी आणून दिलं? बाबांनी, बाहेर फुटपाथवर, पावती हातात घेऊन.

याला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात. कार्डाच्या नंबरच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून मशीनला कळतं की हे कार्ड भारतातलं आहे. मग ते 'तुमच्याच चलनात भरा' असं सुचवतं. तुम्ही रुपये निवडलेत की रूपांतर व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या दराने होत नाही. दुकानदाराच्या बाजूची कंपनी स्वतःचा दर लावते, आणि त्यात तिचा नफा असतो. वर आपल्याकडच्या काही बँका परदेशात रुपयांत झालेल्या व्यवहारावरही शुल्क घेतात. म्हणजे दोन्हीकडून कात्री.

नियम सोपा आहे: ज्या देशात आहात त्या देशाचं चलन निवडा. एटीएमवरही हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत येतो, 'कन्व्हर्जनसह की कन्व्हर्जनशिवाय?' तिथे कन्व्हर्जनशिवाय. हा नियम लंडनलाच नाही, बँकॉकला, दुबईला, सगळीकडे लागू आहे.

आमची शीट

रोजचा आकडा तिघांसाठी असा निघाला:

- प्रवास, कॅपप्रमाणे: २६.७० पौंड
- खाणं: ७० पौंड. दुपारी सुपरमार्केटमधलं सँडविच, चिप्स आणि पेय यांचं मील डील माणशी ४ पौंडांच्या आसपास, रात्री नीट जेवण, मध्ये चहा-कॉफी.
- किरकोळ: १० पौंड

बेरीज १०६.७०, पूर्ण करून ११०. सहा दिवसांचे ६६०. त्यावर १०० पौंड राखीव. एकूण ७६० पौंड, १२० च्या दराने ९१,२०० रुपये.

आता मुख्य भाग. रोज ११० असं दगडावरची रेघ करून चालत नाही, कारण एक दिवस ७० लागतात आणि एक दिवस १४०. म्हणून शीटमध्ये एकच सूत्र ठेवलं:

आजची मर्यादा = उरलेले पैसे ÷ उरलेले दिवस

राखीव १०० यात धरायचे नाहीत. समजा पहिल्या दिवशी ८० च खर्च झाले, तर उरले ५८०, दिवस पाच, उद्याची मर्यादा ११६. जास्त खर्च झाला तर उद्याची आपोआप थोडी कमी होते. कुणाला दोष द्यायला नको, काही काटायला नको.

हे रोज रात्री भरायचं काम बाबांकडे दिलं. पावत्या त्यांच्या खिशात, आकडे माझ्या फोनवर. दिवसाचा हिशोब जुळवून झोपायची सवय त्यांना नोकरीपासूनच होती. तिसऱ्या दिवशी सकाळी तेच म्हणाले, "आज एकशे अठरा आहेत. चहा घेऊ."

पैसे न लागणाऱ्या जागा आधी मांडा

लंडनमधली मोठी संग्रहालयं कायमच्या दालनांसाठी तिकीट घेत नाहीत: ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, नॅचरल हिस्ट्री म्युझियम, सायन्स म्युझियम, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट. या शेवटच्या संग्रहालयातली वाघनखं बघायला म्हणून जाऊ नका, ती तीन वर्षांच्या बोलीवर जुलै २०२४ मध्ये साताऱ्याला आली.

किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घरही बघा. १९२१-२२ मध्ये शिकत असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे राहत होते. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते घेतलं आणि तिथे संग्रहालय केलं. प्रवेश मोफत आहे. आमचा सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला.

टॉवर ऑफ लंडन, वेस्टमिन्स्टर ॲबी यांना माणशी ३० पौंडांच्या पुढे-मागे लागतात. तिघांचे म्हणजे एका जागी जवळजवळ एका दिवसाचं बजेट. अशी एक किंवा दोन ठिकाणं घरूनच ठरवा, बुक करा आणि पहिल्या भागात टाका. तिथे दारात उभं राहून 'जाऊ की नको' करत बसू नका.

निघण्याआधीची यादी

- बँकेच्या ॲपमध्ये कार्डावर दोन बटणं सुरू करा: आंतरराष्ट्रीय वापर आणि कॉन्टॅक्टलेस. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे नवीन कार्डावर परदेशातला वापर बंदच असतो.
- नेहमीचा यूपीआय तिथल्या दुकानांत चालेल असं धरून जाऊ नका.
- हॉटेलवाले डिपॉझिट म्हणून कार्डावर रक्कम अडकवतात. त्यासाठी क्रेडिट कार्ड द्या, फॉरेक्स कार्ड नको. नाहीतर तुमचेच खर्चाचे पौंड काही दिवस गोठतात.
- जेवणाच्या बिलात साडेबारा टक्के सर्व्हिस चार्ज आधीच धरलेला असू शकतो. बिल वाचा, वर टिप देऊ नका.
- दारू विकायचा परवाना असलेल्या हॉटेलात साधं पाणी मागितलं तर फुकट द्यावंच लागतं. 'टॅप वॉटर' म्हणा.
- खरेदीवर व्हॅट परत मिळतो असं कुणी सांगितलं तर ती जुनी माहिती आहे. पर्यटकांसाठीची ही सोय २०२१ पासून तिथे बंद आहे.

शेवटच्या दिवशी सकाळी शीटमध्ये १३१ पौंड उरले होते, राखीव शंभर वेगळे. बाबांनी आईला विचारलं, "तुला काय घ्यायचंय? आज दिवस एकच उरलाय, भागाकार करायला नको."