जॉन्सन यांचा हिशेब: २५७ वर्षांचं वाचन

अमेरिकेचे ३६वे अध्यक्ष लिंडन जॉन्सन चांगले की वाईट, हे ठरवायचंय? मग आधी कागद वाचायला घ्या. टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात त्यांच्या नावाचं ग्रंथालय आहे आणि तिथे साडेचार कोटी पानं आहेत. साडेचार कोटी! पानावर पान रचत गेलात, तर थप्पी साडेचार किलोमीटर उंच जाईल. कळसूबाईवर दुसरं कळसूबाई ठेवलं तरी ती पुरून वर उरेल. मिनिटाला एक पान, रोज आठ तास, एकही सुट्टी नाही, अशा वेगाने वाचलं तर लागतात २५७ वर्षं. थोरले माधवराव पेशवे कारभार पाहत होते तेव्हा कुणी वाचायला बसला असता, तर तो आत्ता कुठे शेवटच्या गठ्ठ्यापाशी पोचला असता.

आणि एवढे कागद ज्यांचे, ते सत्तेवर होते जेमतेम पाच वर्षं दोन महिने! २२ नोव्हेंबर १९६३ला अध्यक्ष केनेडींची हत्या झाली, त्याच दिवशी विमानात यांचा शपथविधी झाला. पुढच्या वर्षी निवडणूक आली आणि शंभरातली ६१ मतं यांना पडली. त्यानंतर कायद्यांचा जो धडाका सुरू झाला, तो आकड्यांतच बघायला हवा.

३० जुलै १९६५. म्हाताऱ्यांच्या आजारपणाचा खर्च सरकारने उचलायचा, त्या मेडिकेअर कायद्यावर सही झाली. वर्षभरात योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्याच झटक्यात १ कोटी ९० लाख लोक तिच्या छत्राखाली आले. १९६१च्या जनगणनेतला जवळजवळ निम्मा महाराष्ट्र, एका फटक्यात! आज ही संख्या साडेसहा कोटींच्या पुढे आहे. आणि खर्च? वर्षाला एक लाख कोटी डॉलरहून जास्त. रुपयांत मांडा: साधारण ८५ लाख कोटी. भारताच्या केंद्र सरकारचा २०२५-२६चा अख्खा अर्थसंकल्प, त्यात रेल्वे आली, सैन्य आलं, रस्ते आले, तो साडेपन्नास लाख कोटींचा. अमेरिकेतल्या म्हाताऱ्यांचं दवाखान्याचं बिल त्याच्या दीडपटीहून मोठं! हे पैसे पाचशेच्या करकरीत नोटांत घ्या, दहा नोटांची जाडी एक मिलिमीटर धरा आणि थप्पी आडवी करा. ती १७ हजार किलोमीटर लांब होते. मुंबई-पुणे लोहमार्ग १९२ किलोमीटरचा. नोटांच्या या ओळीला त्यावरून ८८ वेळा जावं लागेल, आणि हा खर्च एका वर्षाचा आहे.

लगेच आठवड्याभराने, ६ ऑगस्टला, मतदान हक्काचा कायदा. मिसिसिपी राज्यात तोवर मतदान करण्याच्या वयाच्या शंभर कृष्णवर्णीयांपैकी सातांचंसुद्धा नाव यादीत नव्हतं. १९६७ साली साठांचं होतं. पिढ्यान्‌पिढ्या जे हललं नव्हतं ते दोन वर्षांत नऊपट!

इथे थांबलो असतो तर निकाल सोपा होता. पण आता व्हिएतनाम मोजायचं आहे, आणि ते मोजताना हात थरथरतो.

१९६३च्या अखेरीस तिथे अमेरिकेचे १६ हजार सैनिक होते. मुंबईच्या तीन-चार भरगच्च लोकलमध्ये मावले असते. १९६८च्या अखेरीस ५ लाख ३६ हजार! आता शंभराहून जास्त लोकल लागतील. १९६८ या एका सालात १६,८९९ अमेरिकन सैनिक मेले. दिवसाला ४६. एसटीची एक पूर्ण भरलेली गाडी रोज डेपोतून निघावी आणि रोज एकही माणूस परत येऊ नये, असं वर्षभर.

उत्तर व्हिएतनामवर साडेतीन वर्षांत पडलेले बॉम्ब ८ लाख ६४ हजार अमेरिकी टनांचे. आपल्या मालगाडीत साडेतीन हजार टन माल धरला, तर सव्वादोनशे मालगाड्या. एकीला एक जोडून सीएसएमटीपासून उभ्या करा: कल्याण गेलं, कर्जत गेलं, बोरघाट चढून लोणावळाही मागे पडलं, तरी शेपूट संपत नाही. लाओस, कंबोडिया आणि दक्षिण व्हिएतनाम धरून, पुढचे अध्यक्ष निक्सन यांच्या काळातलेही मिळवले, तर आकडा ७० लाख टनांच्या वर जातो. गाड्यांची रांग मुंबई-पुणे मार्गाच्या सहापट! दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने साऱ्या जगात टाकलेल्या बॉम्बच्या तिपटीहून हे जास्त. झाडांची पानं झडावीत म्हणून फवारलेलं विष सव्वासात कोटी लिटर. केनेडींच्या काळात सुरू झालेली ही फवारणी जॉन्सन यांच्या काळात कळसाला पोचली. आठ मीटर रुंद, बारा मीटर खोल अशा शेतातल्या १२० विहिरी काठोकाठ भरतील. आणि माणसं? व्हिएतनाम सरकारने १९९५ साली सांगितलेला साऱ्या युद्धाचा आकडा ३१ लाख मृत. २०११च्या जनगणनेत पुणे शहराची लोकसंख्या ३१ लाखच होती.

हा हिशेब अजून बंदही झालेला नाही. लाओसमध्ये टाकलेल्या क्लस्टर बॉम्बमधले सुमारे आठ कोटी छोटे गोळे न फुटता जमिनीत राहिले. त्या देशाच्या आजच्या लोकसंख्येत वाटले तर माणशी दहा. नांगराखाली ते अजून फुटतात.

अमेरिकेत २०२१ साली १४२ अभ्यासकांनी ४४ अध्यक्षांना दहा कसोट्यांवर गुण दिले. समान न्यायाच्या कसोटीवर जॉन्सन दुसरे, फक्त लिंकन यांच्या मागे. परराष्ट्र संबंधांत खूप खाली. सगळे गुण एकत्र केले आणि क्रमांक आला अकरावा. मला हा अकरावा क्रमांक अजिबात पटत नाही. व्हिएतनाममधल्या मृत्यूंतून मिसिसिपीतली मतं वजा कशी करायची? या माणसाची सरासरी काढली, की त्याने केलेलं सगळंच झाकलं जातं. दोन्ही रांगा पूर्ण लांबीच्या, शेजारी-शेजारी उभ्या राहायला हव्यात.

कधीकधी तर एकाच दाण्यात दोन्ही बाजू असतात. १९६५-६६ आणि १९६६-६७ ही आपल्याकडची सलग दुष्काळी वर्षं. १९६६ साली परदेशातून आलेलं धान्य एक कोटी टनांच्या वर, बहुतेक अमेरिकेचं. माणशी वीस किलो! आजच्या हिशेबाने रोज आठ मालगाड्या, वर्षभर. रेशनवरची तांबडी मिलो ज्वारी जुन्या पिढीला आठवत असेल. या धान्याने लोक जगले, हे खरंच. पण जॉन्सन ते महिन्या-महिन्याने, हात आखडून सोडत. भारताने व्हिएतनामबद्दल टीका केली की जहाजांची मंजुरी रेंगाळे. उपाशी माणसाच्या ताटाला दोरी बांधणं मी उपकारात धरणार नाही, पण ताट आलं होतं हेही पुसणार नाही.

आणि आता सगळ्यांत अचाट आकडा. १९४६च्या कायद्याने भारतातून अमेरिकेत कायमचं राहायला वर्षाला किती जणांना परवानगी होती? शंभर! अख्ख्या देशातून एसटीच्या दोन गाड्या. ३ ऑक्टोबर १९६५ला स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यापाशी जॉन्सन यांनी नव्या कायद्यावर सही केली आणि एकेका देशाची मर्यादा वीस हजारांवर गेली. दोनशेपट! सही करताना ते म्हणाले होते की हा काही क्रांतिकारक कायदा नाही, लाखो लोकांच्या आयुष्यावर त्याचा परिणाम होणार नाही. आज भारतात जन्मलेले २८ लाखांहून जास्त लोक अमेरिकेत राहतात. त्यांत इंजिनिअर आहेत, डॉक्टर आहेत, तिथल्या महाराष्ट्र मंडळांत गणपती बसवणारे आहेत. जुन्या शंभराच्या रांगेतून एवढ्यांना जायचं असतं तर २८ हजार वर्षं लागली असती. जळगाव जिल्ह्यातल्या पाटणे इथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचावर कुणीतरी नक्षी कोरली, त्याला सुमारे २५ हजार वर्षं झाली. तो कारागीर जन्मायच्याही तीन हजार वर्षं आधी पहिले शंभर जण निघाले असते, तरच आजचा शेवटचा प्रवासी वेळेवर पोचला असता!